मस्टरवर नसलेली मजुरी

गेल्या ग्रामसभेत आमच्याकडे दिव्यांगांच्या पाच टक्के निधीवरून दोन तास वाद झाला. गाव तासगाव तालुक्यातलं. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, हा नियम आता सगळ्यांना पाठ आहे. आमचं स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी, तीही निम्मी थकलेली. त्यामुळे रक्कम मोठी नव्हती, पण तोंडं मोठी होती. एकजण म्हणाला, रोख वाटू नका, बाप पिऊन टाकतोय. दुसरा म्हणाला, आधी लाडकी बहीण, आता लाडकी लेकरं, सरकारनं काय काय पोसायचं? तिसऱ्याला भरून आलं होतं. ही देवाघरची फुलं आहेत, त्यांच्यासाठी झोळी घेऊन दारोदार फिरू, असं तो म्हणाला आणि टाळ्या घेऊन गेला. मागे भिंतीला टेकून चार-पाच आया बसल्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

मला हा सगळा वादच चुकीच्या खुंटीला टांगलेला वाटतो. "द्यावं की न द्यावं" म्हणणारे आणि "दया करा" म्हणणारे, दोघांनीही एक गोष्ट धरूनच ठेवली आहे: आजारी किंवा दिव्यांग मूल सांभाळणारं घर हे मदत मागणारं घर आहे. मी उलट म्हणतो. ते घर रोज काम करतं. नेमकं, कसबी आणि न टाळता येणारं काम. ते काम त्या घरानं केलं नाही तर सरकारला करावं लागेल, आणि सरकारला ते कितीतरी महाग पडेल. म्हणून पैशाचा प्रश्न दानधर्माचा नाही, थकलेल्या मजुरीचा आहे.

शाळेतून निवृत्त होण्याआधीची चार वर्षं ही गोष्ट मी रोज पाहिली. चौथीतल्या एका मुलीला टाइप वन मधुमेह होता. थोरामोठ्यांच्या साखरेचा हा आजार नव्हे. हा बहुतेकदा लहानपणीच होतो. शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते आणि मग बाहेरून इन्सुलिन टोचल्याशिवाय मूल जगत नाही. गोळी चालत नाही, पथ्य पुरत नाही, सुट्टी नसते. दिवसातून चार वेळा बोट टोचून साखर बघायची, त्यावर डोस ठरवायचा, भाकरी किती खाल्ली, खेळली किती, हे धरून. तिची आई बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायची. घरात फ्रिज नव्हता. एका मोठ्या मडक्यात वाळू, त्यात छोटं मडकं, वाळूवर दिवसातून दोनदा पाणी, आणि आतल्या मडक्यात कापडात गुंडाळलेल्या इन्सुलिनच्या बाटल्या. एप्रिलच्या उन्हात हात घातला की आत गार लागायचं. मी विज्ञान शिकवायचो. बाष्पीभवनानं गारवा येतो, हे फळ्यावर लिहून दाखवायचो. ते जीव वाचवताना मी तिच्या घरी पाहिलं.

मधल्या सुट्टीआधी ती बाई शाळेच्या कट्ट्यावर हजर. आम्हा शिक्षकांपैकी कुणाची सुई धरायची छाती नव्हती, माझीही नव्हती. ती यायची, बोट टोचायची, पट्टी यंत्रात घालायची, आकडा वहीत लिहायची, इंजेक्शन द्यायची आणि पोरीनं डबा संपवेपर्यंत बसायची. या येण्याजाण्यात शेडवरचा पूर्ण रोज कधीच भरायचा नाही. मुकादमानं शेवटी तिला यायलाच नको म्हणून सांगितलं. ती मला एवढंच म्हणाली, "गुरुजी, रोजगाराला गेलं तर पोरगी जातीय, पोरीकडं बघितलं तर रोजगार जातोय." आणखी एक सांगतो, सांगायला बरं वाटत नाही. त्या वर्षी सहल प्रतापगडला गेली. आम्ही त्या मुलीला नेलं नाही. आई म्हणाली, मी येते माझ्या खर्चानं. आम्ही म्हटलं, गाडीत जागा नाही. जागा होती.

आता समोरच्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. सरकार काहीच करत नाही, असं म्हणणं खोटं आहे. 2013 साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तो आपल्याच राज्यातून, पालघरहून. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी होते. माझ्या शाळेत पथक यायचं आणि त्यातून हृदयाला छिद्र असलेल्या एका पोराची शस्त्रक्रिया एक पैसाही न घेता झाली. तो पोरगा आज ट्रॅक्टर चालवतो. 2012 साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना पुढे महात्मा फुल्यांच्या नावानं राज्यभर चालली आणि तिचं संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत गेलं आहे. थॅलेसेमियाच्या, म्हणजे सतत बाहेरून रक्त चढवावं लागणाऱ्या, मुलांना रक्त मोफत मिळतं. मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम असलेल्यांसाठी निरामय विमा आहे, एक लाखापर्यंतचा, आणि त्यात दवाखान्यात दाखल न होता घेतलेले उपचारही बसतात. या यादीची थट्टा करणाऱ्यानं त्या ट्रॅक्टरवाल्या पोराला एकदा भेटावं.

पण यादी नीट वाचा. पैसा कुठं वाहतो? खाटेकडे. मूल दवाखान्यात आडवं झालं की पाच लाखांचं दार उघडतं, घरात उभं राहिलं की जवळपास शून्य. साखर तपासायची एक पट्टी पंधरा-वीस रुपयांना. दिवसाला चार, म्हणजे महिन्याला अठराशे ते चोवीसशे रुपये, नुसत्या आकडा बघण्याचे. सरकारी दवाखान्यात इन्सुलिन मिळतं, म्हणजे असतं तेव्हा मिळतं. पट्ट्यांचं नाव कोण घेतं? मग बाई पट्ट्या वाचवायला लागते. चारच्या दोन, दोनाची एक. अंदाजानं डोस. एका रात्री रक्तात आम्ल साठून पोर बेशुद्ध पडते, गाडी करून मिरजेला न्यायची, अतिदक्षता विभाग. आता मात्र योजना धावून येते, हजारो रुपये मोजते, आणि आपण म्हणतो, बघा, सरकारनं वाचवलं. सोळा रुपयांच्या पट्टीला पैसे नाहीत आणि ती नसल्यानं लागलेल्या खाटेला आहेत, याला काटकसर म्हणायचं?

आणि टाइप वन मधुमेहवाल्यांनी तर प्रमाणपत्राचीही आशा धरू नये. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. 2016 च्या कायद्यानं ते एकवीस केले, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजार आत आले. फार मोठं पाऊल होतं ते. मधुमेह त्या एकवीसांत नाही. म्हणजे ही पोर दिव्यांग नाही आणि दवाखान्यात दाखलही नाही. मग ती कागदावर आजारीच नाही. जी आत आहेत त्यांना चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा उंबरठा. टक्के मोजतात ते शरीराचे. आईला रात्री किती वेळा उठावं लागतं, याचे टक्के कुठल्या फॉर्मवर आहेत? प्राप्तिकरात एक सवलत आहे: दिव्यांग अवलंबित असेल तर 75 हजारांची वजावट, तीव्र असेल तर सव्वा लाखाची, तीही जुन्या करपद्धतीत. चांगलं आहे. पण बेदाणे निवडणारी बाई प्राप्तिकर भरत नाही, म्हणून तिला सवलतही नाही. ज्याला जास्त पगार त्याला जास्त सूट, हा न्याय आपण गपगुमान स्वीकारला आहे. त्याला मात्र कुणी रेवडी म्हणत नाही.

"कामाची मजुरी" हा शब्द मी उगाच वापरला नाही. आमच्या सांगली जिल्ह्याला तो शिकवायची गरज नाही. रोजगार हमीची कल्पना रुजली ती याच तासगाव तालुक्यात, विसापूरला. साठच्या दशकात वि. स. पागे यांनी प्रयोग केला: मागेल त्याला काम. पागे तेव्हा आणि पुढेही वर्षानुवर्षं विधान परिषदेचे सभापती होते, त्यामुळे विसापूरचं खूळ मुंबईपर्यंत पोचलं. बहात्तरच्या दुष्काळात त्यानं लाखो माणसं जगवली. माझी आजी खडी फोडायला होती, सुकडीची चव ती मरेपर्यंत सांगायची. 1977 साली कायदा झाला आणि अठ्ठावीस वर्षांनी सगळ्या देशाला तसा कायदा मिळाला. त्या वेळचे आक्षेप आठवून बघा. लोक आळशी होतील. मुकादम पैसे खातील. खोट्या सह्या होतील. तिजोरी रिकामी होईल. गेल्या ग्रामसभेत ऐकले तेच की! आणि त्यातले काही खरेही निघाले. मुकादमांनी खाल्ले, खोटी नावं लागली. पण म्हणून कुणी असं म्हटलं नाही की खडी फोडणाऱ्या बाईला मजुरीच देऊ नका. मस्टर, म्हणजे हजेरीपट, सुधारा म्हटलं.

पैसा कुठून आणला? 1975 साली व्यवसाय कर लावला. शहरातल्या पगारदारांच्या पगारातून तो कापला जाई आणि सरकार तेवढीच भर घाली. मी नोकरीत असताना माझ्याही पगारातून दर महिन्याला तो कापला जायचा आणि मीही इतरांसारखाच कुरकुरायचो. मुंबईच्या कारकुनानं माणदेशातल्या मजुराची मजुरी भरली, हे महाराष्ट्रानं पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवलंय. तेव्हा राज्य आजच्यापेक्षा गरीब होतं. "तिजोरीत पैसा नाही" हे वाक्य मी खोटं म्हणत नाही. कर्जाचा डोंगर आहे, आणि निवडणुकीच्या तोंडावर वाटलेल्या पैशानं तो वाढतोय हेही खरं. पण ते कुणी कुणाला सांगायचं? मतं जास्त तिथं पैसा निघतो आणि थॅलेसेमियाच्या पोरांची संख्या मतदारसंघात बोटांवर मोजण्याइतकी असते. संख्या कमी हे खर्च कमी होण्याचं कारण आहे. आपण ते दुर्लक्षाचं कारण केलंय.

रोजगार हमीच्याच केंद्रीय कायद्यात एक तरतूद होती, ती मला फार बोलकी वाटते. कामावर आलेल्या बायकांची सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यातल्याच एका बाईनं ती सांभाळायची, आणि तिला इतरांइतकीच मजुरी. म्हणजे पोरं सांभाळणं हे खड्डा खणण्याइतकंच काम आहे, असं या देशाच्या संसदेनं 2005 साली लिहून ठेवलं. अट इतकीच की पोरं दुसऱ्यांची असावीत. स्वतःचं, मान न धरणारं, नळीनं भरवावं लागणारं पोर दिवसाचे अठरा तास सांभाळणारी बाई मात्र रिकामी.

इंग्लंडातही हाच घोळ झाला होता. 1976 साली तिथं घरच्या आजारी माणसाची देखभाल करणाऱ्यांना भत्ता सुरू झाला, पण विवाहित बायकांना वगळून. त्या काय, घरीच असतात! आईच्या सेवेसाठी नोकरी सोडलेल्या एका विवाहित बाईनं कज्जा केला, तो युरोपच्या न्यायालयात गेला आणि 1986 साली ती अट गेली. दहा वर्षं. आपल्याकडे असा कज्जा झाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

कज्ज्याला आधार नाही असंही नाही. 2016 च्या कायद्याचं कलम 24 सामाजिक सुरक्षेच्या योजनांत काय काय असावं ते सांगतं. त्यात मोफत साधनं-औषधं आहेत, पेन्शन आहे आणि जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहकाचा भत्ता हे शब्दही आहेत. दिव्यांगांना मिळणारी रक्कम इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान पंचवीस टक्के जास्त असावी, असंही तेच कलम म्हणतं. आमच्याकडे संजय गांधी निराधार योजनेत वर्षानुवर्षं दिव्यांगाला आणि इतरांना एकच रक्कम मिळत होती. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांचे पंधराशेचे अडीच हजार झाले, उशिरा का होईना. पण ते मिळायला दिव्यांगाच्या घराचं वार्षिक उत्पन्न पन्नास हजारांच्या आत लागतं. महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट रुपये. एवढ्यात जगणारं चार माणसांचं घर मला दाखवा. तलाठ्याकडून तसा दाखला आणणारी घरं मात्र गावोगाव आहेत. अट अशी ठेवायची की खोटं बोलल्याशिवाय बसता येणार नाही, आणि मग म्हणायचं लोक खोटे आहेत.

खोट्या प्रमाणपत्रांचा मुद्दा मी टाळत नाही. 2024 साली एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला, तो महाराष्ट्रातलाच. पण ती चोरी कशासाठी होते? नोकरीसाठी, बढतीसाठी, सोयीच्या बदलीसाठी. दर वीस दिवसांनी पोराच्या हातात सुई खुपसून रक्त चढवून घेण्यासाठी कुणी थॅलेसेमियाचं सोंग घेतं का? चोर धरायचे तर जरूर धरा. पण त्यासाठी जतहून मिरजेला, जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या वर, मान न धरणारं पोर काखेत घेऊन बाईला तीन-तीन खेपा घालायला लावू नका. पहिल्या खेपेला डॉक्टर रजेवर, दुसऱ्या खेपेला संगणक बंद. सेरेब्रल पाल्सी जन्मभराची असते, ती प्रमाणपत्राच्या मुदतीबरोबर संपत नाही, हे कुणीतरी त्या खिडकीतल्या माणसाला सांगायला हवं.

बाप पिऊन टाकेल, हा आक्षेप तोंडावर झटकणाऱ्यांपैकी मी नाही. मी बघितलेत तसे बाप. म्हणूनच सगळं रोखीत नको, असं माझंही म्हणणं आहे. पट्ट्या, सुया, वारंवार रक्त चढवून अंगात साठलेलं लोह उतरवायच्या गोळ्या, डायपर हे प्राथमिक आरोग्य केंद्रातून महिन्याच्या महिन्याला मोजून द्यावं. ते दारूच्या दुकानात चालत नाही. व्यायामोपचार शिकवणारं माणूस तालुक्याला यावं. केरळनं टाइप वनच्या मुलांसाठी 'मिठाई' नावाची योजना काढलीय, त्यात इन्सुलिनपासून पंपापर्यंत सरकार देतं. नावावरून हसू येतं, पण साखरेच्या आजाराला मिठाई म्हणणाऱ्या माणसाला त्या मुलांचं मन कळलं असणार. तिथं अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल करणाऱ्यांना महिना सहाशे रुपयांचा भत्ताही आहे. सहाशे म्हणजे आमच्याकडचे दोन दिवसांचे रोज, तेवढ्यावर कुणी मिरवू नये. पण त्या सहाशेंपुढे "काळजी घेणाऱ्याला" असं लिहिलेलं आहे. पेशंटला नव्हे, घेणाऱ्याला. आपल्याकडे हा रकानाच नाही. तो आईच्या खात्यावर यावा आणि शरीराच्या टक्क्यांवर न ठरता देखभालीच्या तासांवर ठरावा, एवढंच मागणं आहे. सरकारी नोकरीतल्या आईला बालसंगोपन रजा मिळते, केंद्रात तर 730 दिवसांची. बेदाण्याच्या शेडवर कसली रजा?

राहिला तो झोळीवाला. त्याच्याशी माझं भांडण सगळ्यात अवघड आहे, कारण तो चांगला माणूस आहे. समाजानं सांभाळावं, ही आपली जुनी रीत. शेजारच्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुष्टिफंडावर वसतिगृहं चालवली, घरटी मूठभर धान्य गोळा करून. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडलं. पण भाऊराव मुठीवर थांबले नाहीत. गावोगाव शाळा उभ्या करायच्या तर सरकारी अनुदान लागतं, आणि ते मागायला त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. मूठ ही सुरुवात होती. शिवाय झोळीचा एक स्वभाव असतो. ऑपरेशन म्हटलं की ती भरते. मोठा आकडा, एक तारीख, पोराचा फोटो, मोबाईलवर फिरणारा संदेश. आमच्या गावानं एका पोराच्या यकृतासाठी चार दिवसांत रक्कम उभी केली, मंडळानं गणपतीची मिरवणूक रद्द करून वर्गणी दिली. अभिमान आहे मला. पण महिन्याला दोन हजार, वीस वर्षं, याला झोळी कोण फिरवणार? सातव्या वर्षी कोण देतं? आणि फोटोत गोड न दिसणारं, लाळ गाळणारं, ओरडणारं पोर असेल तर पहिल्या वर्षी तरी कोण देतं? शिवाय देणाऱ्याच्या नजरेखाली राहावं लागतं. त्या बाईनं जत्रेत पोरीला नवा फ्रॉक घेतला, तर "आपल्या पैशानं बघा" असं म्हणणारे दोघे मला भेटलेत. रोजगार हमीवरची बाई आपल्या मजुरीचं काय करते, हे कुणी विचारलं होतं का?

ग्रामसभेचा निकाल राहिला. पाच टक्क्यांतून प्रत्येक दिव्यांगाला दिवाळीला एक पाण्याचा जार द्यायचं ठरलं. ती मुलगी आता नववीत आहे, स्वतः सुई घेते. एकवीसांच्या यादीत नसल्यानं तिला जारही नाही. सभा उठल्यावर तिच्या आईला घेऊन मी ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे गेलो. तिच्या पिशवीत सात वह्या होत्या, शंभर पानी, रोजचे आकडे, वेळ, डोस, काय खाल्लं. लग्नाच्या दिवशीचे, तापातले, लॉकडाऊनमधले. एकही दिवस कोरा नाही. म्हटलं, हे मस्टर बघा. भाऊसाहेब भला माणूस, त्यांनी सातही वह्या चाळल्या, एका पानावर बराच वेळ थांबले. मग विचारलं, "गुरुजी, ठीक आहे, पण यावर सही कुणाची?"